नाक गेलं तर कपाळाच्या चामडीतून नवं नाक कसं बनते, आणि घरच्यांनी काय काय सांभाळायचं

आमच्या मोठेबाबांचं नाक अस्वलानं नेलं. चैताचा महिना, पहाटेची वेळ, मोहफुलं वेचायला गेले होते. आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलाकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, मोह पडायला लागला की माणूसही तिथंच अन् अस्वलही तिथंच, आणि ते उभं राहून पंजा मारते तो बहुतेक वेळा तोंडावरच बसते. जीव वाचला, दोन्ही डोळे वाचले, पण नाकाचा शेंडा, उजवी नाकपुडी आणि मधल्या पडद्याचा थोडा भाग गेला. त्यानंतर दीडएक वर्ष मीच त्यांच्यासोबत दवाखान्यात होतो. ऑपरेशन डॉक्टर करते पण ते टिकवायचं काम घरच्यांच्या हातात किती असते हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो. अस्वल असो, गाडीचा अपघात असो, कोणी भांडणात नाक कापलं असो नाहीतर कॅन्सरची गाठ काढली असो, पुढचा रस्ता बराचसा सारखाच आहे.

पहिल्या तासाचं आधी सांगतो. रक्त पाहून घाबरायला होतेच, पण स्वच्छ कपड्याची घडी करून जखमेवर दाबून धरा, माणसाला बसवा आणि थोडं पुढं झुकवा म्हणजे रक्त घशात जाणार नाही. हळद, चुना, बिडीची राख, तंबाखू, काही म्हणजे काही लावू नका. आमच्या इथं कोणीतरी प्रेमानंच हळद दाबली होती, ती नंतर टेबलावर काढता काढता त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. जनावराची जखम असेल तर रक्त आटोक्यात आल्यावर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनसोबत रेबीजची लस अन् जखमेत टोचायचं सीरम याबद्दल आपणहून विचारायचं. लोकांना वाटते रेबीज फक्त कुत्र्याचा, तसं नाही, अस्वल, कोल्हा, लांडगा, माकड सगळ्यांचं धरावं लागते.

तुटलेला तुकडा सापडला तर तो फेकू नका. ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकला की तो जळल्यासारखा मरते. १०८ ला फोन करा. आणि त्याच दिवशी एका माणसाला फॉरेस्टच्या ऑफिसात पाठवा, कारण पंचनामा झाल्याशिवाय नुकसानभरपाईचा कागद हलत नाही, अन् रुग्णासोबत सगळेच निघून गेले की हे काम मागं राहते. मारामारीची केस असेल तर तसंच पोलिसांचं.

एक वेगळी गोष्ट मधेच सांगतो, कारण ती गावात लय दुर्लक्षात जाते. नाकावर एखादा फोड, मोत्यासारखा चमकणारा दाणा किंवा काळपट खपली, जी सुकते, पडते, परत येते, थोडं रक्त येते आणि महिना दीड महिना झाला तरी भरत नाही, ती दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. चामडीचा कॅन्सर असाच गुपचूप वाढते. तुकडा काढून तपासायला पाठवतात, मग गाठ काढतात, आणि कडेला काही उरलं नाही असा रिपोर्ट आल्यावरच नवं नाक बांधायला घेतात. रिपोर्टच्या आधी घाई करू नका, खाली कॅन्सर राहिला अन् वरून नवी चामडी टाकली तर तो झाकला जाते आणि कळेपर्यंत उशीर होते.

आता कुठं जायचं. तालुक्याच्या ठिकाणी जखम धुवून शिवून देतात, तेवढं तिथं होऊ द्या, पण नाक बांधायचं काम प्लास्टिक सर्जनचं. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, प्लास्टिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत पाहिजेच, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. विचारताना एकच प्रश्न नीट विचारा: पहिल्या ऑपरेशनचं मंजूर झालं, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचं काय? आम्ही हे विचारलं नाही आणि दुसऱ्या वेळेस अर्धा दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. आणि हो, रुग्णाचा जखमेआधीचा चांगला फोटो न्या, समोरून एक, बाजूनं एक. आधारवरचा फोटो कामाचा नाही. आम्ही ताईच्या लग्नाचा अल्बमच नेला होता, त्यात मोठेबाबा अक्षता टाकताना बाजूनं दिसतात, डॉक्टर तो फोटो पाच मिनिटं पाहत होते.

नवं नाक बनते कसं, हे समजून घेतलं की पुढची सगळी काळजी आपोआप समजते. संत्र्याची कलम आपल्याकडं सगळ्यांनी पाहिली आहे. जंभेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा (कोंब) बांधतात, तो डोळा मायझाडापासून पूर्ण तोडलेला असते अन् खुंटाकडूनच त्याला जीव मिळते. मांडीची पातळ चामडी काढून जखमेवर लावतात ती तशी. भाजलेल्या जागेवर ती चालते, पण नाकाला जाडी पाहिजे, आकार पाहिजे, आत कुर्चा (नाका-कानातलं मऊ हाड) झाकायला पाहिजे, तिथं ती बहुतेक वेळा पुरत नाही, आकसते, रंगही वेगळा दिसते. म्हणून मोठ्या जखमेला आंब्याच्या भेटकलमेसारखं करतात. भेटकलमेत फांदी मायझाडाला जुळलेलीच ठेवतात, दुसऱ्या रोपाला बांधतात, जोड धरला की मगच मायझाडाकडून कापतात. कपाळाच्या चामडीचं अगदी हेच. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक रक्तवाहिनी वर कपाळात जाते, तिच्यावरची चामडी कपाळावरून उचलतात पण खालचा देठ भुवईपाशी जोडलेलाच ठेवतात, बोटभर रुंदीचा, मग ती चामडी उलटी फिरवून खाली नाकावर आणतात आणि शिवतात. देठातून रक्त येत राहते. साधारण ३ आठवड्यांत नाकाच्या कडांकडून नव्या वाहिन्या त्या चामडीत शिरतात, तेव्हा देठ कापतात.

कपाळच का, तर रंग, जाडी, पोत नाकाशी सगळ्यात जास्त तिथलंच जुळते. जखम लहान असली, नाकपुडीच्या कडेपुरती, तर गालाच्या घडीतली चामडी वापरतात. अगदी छोट्या, सेंटिमीटर दीड सेंटिमीटरच्या जखमेला नाकाचीच शेजारची चामडी सरकवून भागते, त्यात देठाची भानगडच नाही. आणि कपाळही खराब असेल, नाक पूर्णच गेलं असेल, तर मनगटाच्या वरची चामडी रक्तवाहिनीसकट काढून मायक्रोस्कोपखाली जोडतात, ते मोठं काम.

पण नाक म्हणजे वरची चामडी एवढंच नाही. तीन थर असतात: आतलं ओलं अस्तर, मधे कुर्चेचा सांगाडा, वर चामडी. यातला एक थर करायचा राहून गेला की नाक वर्षभरात आकसून बसते. म्हणून कानातली किंवा बरगडीची कुर्चा काढून आत बसवतात. मोठेबाबांच्या उजव्या कानाच्या मागून काढली, कान आज पाहाल तर कळतही नाही. आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही आधी चिडलो होतो. डॉक्टर म्हणाले शेंड्यावरची उरलेली थोडी चांगली चामडीही काढावी लागेल. काहून जी, आहे तेही काढता? मग त्यांनी कागदावर नाक काढून त्याचे भाग पाडून दाखवले, शेंडा, दांडा, दोन बाजू, दोन नाकपुड्या, मधला खांब, आणि नाकपुडीच्या कडेचे दोन छोटे मऊ तिकोन, असे नऊ. एखादा भाग अर्ध्याच्या वर गेला असेल तर पूर्ण भागच नवा करतात, म्हणजे शिवण दोन भागांच्या सीमेवर येते, तिथं आधीच सावली असते, अन् ठिगळ लावल्यासारखं दिसत नाही. शेतात धुरा जिथं आहे तिथंच बांध घातल्यासारखं.

हे सगळं परदेशातून आलं असं कोणाला वाटत असेल तर ऐका. सुश्रुताच्या ग्रंथात गालाच्या चामडीनं नाक बनवायची रीत आहे. पण आपल्या जास्त जवळची गोष्ट म्हणजे १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलेली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी, १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला, मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं कपाळाच्या चामडीतून त्याचं नाक बांधलं, दोन इंग्रज डॉक्टर पाहत होते. मेणाचं पातळ नाक बनवायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची, तेवढी चामडी उचलायची, दोन डोळ्यांच्या मधे देठ ठेवायचा. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास देठ कापायचा. ते वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जननं १८१४ मध्ये तिकडं पहिल्यांदा हे करून पाहिलं, आणि ही रीत जगभर भारतीय पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आजही टेबलावर सर्जन तसंच करते, मेणाऐवजी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद घेऊन चांगल्या नाकपुडीचं माप काढते आणि ते उलटं करून कपाळावर आखते. त्या विटाभट्टीवाल्या माणसाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटते.

ऑपरेशनच्या आधीची तयारी. पहिलं आणि सगळ्यात मोठं: खर्रा बंद. बिडी, गुडाखू, तंबाखू, सगळं बंद, किमान ४ आठवडे आधी आणि देठ कापून जखमा भरेपर्यंत. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथं सगळा खेळच बारीक वाहिन्यांचा आहे, चामडीचं टोक काळं पडून गळते ते बहुतेक तंबाखूवाल्यांचंच. मोठेबाबा दिवसाला चार पाच पुड्या खर्रा खायचे. सुटायला किती त्रास झाला हे मोठाईला, म्हणजे त्यांच्या बायकोलाच माहीत, ती त्यांच्या खिशात भाजलेले जवस अन् बडीशेप भरून ठेवायची. पण भेटायला येणारे मित्रच पुडी काढतात, त्यांना दारातच सांगा, लाजू नका. आणि डॉक्टरनं विचारलं तर खरं सांगा, कारण तंबाखू सुटलेली नसेल तर ते टप्पे लांबवतात, देठ जास्त दिवस ठेवतात.

शुगर असेल तर आधी ताब्यात आणा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला दाखवून विचारा. आणि आपल्या भागात फार महत्त्वाचं, सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली असेल तर ते कार्ड आवर्जून दाखवा, झाली नसेल तर करून घ्या, भूल देणाऱ्या डॉक्टरला हे माहीत असायलाच पाहिजे. सिकलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं, थंडी वाजली की रक्त अडकते.

घरच्यांना, विशेषतः लहान पोरांना, आधीच सांगून ठेवा की मधे ३ आठवडे तोंडावर सोंडेसारखं काहीतरी दिसणार आहे. आम्हाला हे नीट कोणी सांगितलं नव्हतं, मोठाईनं ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाहिलं आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. दोन मिनिटांचं बोलणं असते ते, पण आधी झालं तर माणूस खचत नाही.

आता ते ३ आठवडे.

पहिले दोन दिवस देठाच्या मागच्या उघड्या बाजूनं रक्त पाझरते. थेंब थेंब, गॉज ओली होते. घाबरू नका, त्याला गॉज अन् मलम लावून ठेवतात. भळभळ वाहत असेल, दाबूनही थांबत नसेल तर मात्र लगेच सिस्टरला बोलवा. डोळे सुजून बंद होतात, तिसऱ्या चौथ्या दिवसापासून उघडायला लागतात. झोपताना दोन तीन उशा, डोकं वर, उताणं. कुशीवर वळू देऊ नका, रात्री कोणीतरी जागं पाहिजे.

चामडीचा रंग पाहायला शिका, हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगतो. नव्या नाकाची चामडी गुलाबी, कोमट पाहिजे. सावळ्या माणसाच्या चामडीवर रंग पटकन कळत नाही, म्हणून बोटानं हलकंच दाबून सोडा, फिकट होऊन दोन एक सेकंदात रंग परत आला पाहिजे. एकदम पांढरी, थंड, रंग परतच येत नाही म्हणजे रक्त पोचत नाही. निळी जांभळी, फुगलेली, दाबून सोडलं की झटकन रंग येते म्हणजे रक्त येते पण परत जात नाही. दोन्हीत सकाळची वाट पाहायची नाही. दुसऱ्या रात्री मोठेबाबांच्या नाकाचा शेंडा पिकलेल्या जांभळासारखा दिसायला लागला, मी मोबाईलच्या टॉर्चनं पाहिलं, दहा वाजता फोटो काढला, अकराला परत काढला, दोन्ही शेजारी ठेवून सिस्टरला दाखवले. डॉक्टर आले, ड्रेसिंगची पट्टी देठावर घट्ट बसली होती ती सोडली, एक टाका ढिला केला, पहाटेपर्यंत रंग निवळला. अशा वेळेस काही ठिकाणी जळवा लावतात अडकलेलं रक्त काढायला, तसं सांगितलं तर दचकू नका, ती जुनी पण खरी कामाची गोष्ट आहे. फोटो मात्र दर दोन तासांनी, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून काढत राहा.

देठावर काहीच घट्ट नको. चष्मा नाही, मास्कची दोरी नाही, आणि आपला दुपट्टा! सुट्टी झाल्यावर एसटीत धूळ लागते म्हणून मोठेबाबांनी सवयीनं दुपट्टा तोंडाला गुंडाळला होता, ब्रह्मपुरीच्या स्टँडवर माझ्या लक्षात आलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. दुपट्टा डोक्यावरून सैल सोडा, छत्री धरा, जमलं तर मोटरसायकल टाळा अन् एसटीत खिडकीपासून दूर बसा.

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. वाकून काही उचलायचं नाही, वजन नाही, बैल सोडणं बांधणं तर नाहीच, जनावरानं मान झटकली तर सगळं जाईल. खायला मऊ: भात वरण, खिचडी, आंबील, अंडं, दूध. भाकर चावताना सगळं तोंड ओढलं जाते, म्हणून पहिले आठ दिवस भाकर कुस्करून वरणात. लय तिखट पहिल्या दिवसांत नको, नाक गळायला लागते. टाके ५ ते ७ दिवसांत काढतात. कपाळाची जखम बहुतेक शिवून बंद करतात, पण चामडी जास्त घेतली असेल तर वरचा थोडा भाग केसांच्या रेषेजवळ उघडाच ठेवतात आणि तो ड्रेसिंगवर आपोआप भरून येते, काही आठवडे लागतात. उघडं पाहून शिवायचं विसरले असं समजू नका. धूळ आणि माशा बसू देऊ नका, ओलं मलम लावत राहा, सुकू देऊ नका. घाण वास, पू, ताप आला तर लगेच जा.

एक गंमतीची वाटेल पण खरी गोष्ट: नव्या नाकाला हात लावला की माणसाला कपाळाला हात लावल्यासारखं वाटते, कारण नस कपाळाचीच आहे. मोठेबाबा नाकावर माशी बसली की कपाळावरून हात फिरवायचे. म्हणायचे, "बाबू, माशी कुठं बसली ते तूच सांग बा." देठ कापल्यावर ते जाते, मग बरेच महिने नाक बधिर राहते.

तिसऱ्या आठवड्यात एक धोका असते. दुखणं थांबलेलं असते, जखमा सुकलेल्या असतात, घरी पेरणीची घाई असते, अन् माणूस म्हणते पुढच्या महिन्यात जाऊ. तारीख चुकवू नका. आणि लवकर काढा म्हणून डॉक्टरच्या मागंही लागू नका, दहाव्या दिवशी देठ कापला तर नाकाची चामडी उपाशी मरते. काही सर्जन ३ टप्प्यांत करतात, तिसऱ्या आठवड्यात चामडी उचलून आतून पातळ करतात अन् देठ सहाव्या आठवड्यात कापतात, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी तुलना करू नका. देठ कापायचं काम बहुतेक जागा बधिर करून होते, छोटं असते. देठाचं वरचं टोक परत भुवईत बसवतात, म्हणजे भुवया सारख्या दिसतात.

देठ गेल्यावर लोकांना वाटते झालं. नाक तेव्हा जाड, फुगलेलं, बटाट्यासारखं दिसते आणि रुग्ण आरशात पाहून हिरमुसते. सूज उतरायला महिने लागतात, वण मऊ पडायला वर्ष. पातळ करायचं, घडी पाडायचं काम तीन चार महिन्यांनंतर करतात. कपाळ बुटकं असेल तर नाकाच्या शेंड्यावर केसही येतात, ते नंतर लेझरनं घालवता येतात, चिमट्यानं ओढू नका. ऊन मात्र वर्षभर टाळायचं, आपल्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात नवी चामडी आणि वण काळे पडतात, म्हणून टोपी, सैल दुपट्टा, आणि डॉक्टर सांगतील ते सनस्क्रीन. जखम पूर्ण भरली की साध्या खोबरेल तेलानं वणावर बोट गोल गोल फिरवायचं, दिवसातून दोनतीनदा, पाच पाच मिनिटं.

आणि नाकपुडीतली नळी. बांधलेली नाकपुडी आतून आकसते, ती उघडी राहावी म्हणून मऊ सिलिकॉनची छोटी नळी देतात, काही महिने वापरावी लागते, आधी दिवसरात्र, मग फक्त रात्री. कावसजीच्या वेळेसही दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कपड्याचे बोळे घालून भोकं उघडी ठेवत होते, म्हणजे ही अडचण तेव्हापासूनची आहे. नळी रोज काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, आत खपली असेल तर मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब टाकून मऊ करा, ओरबाडू नका, थोडं व्हॅसलिन लावून परत घाला. आमची नळी एकदा अंगणात हरवली, कोंबडीनं नेली की काय माहीत नाही, आणि चार दिवसांनी दवाखान्यात गेलो तर त्याच मापाची जात नव्हती, लहान मापापासून परत सुरू करावं लागलं. तेव्हापासून दोन नळ्या ठेवतो, एक नाकात आणि एक मोठाईच्या कुंकवाच्या डबीत.